पालथा साचा

पीठ साच्यातून अख्खं सुटलं. कुठे चिकटलं नाही, कुठे फाटलं नाही. अग्निया मात्वेयेव्नाने मनातल्या मनात देवाचे आभार मानले, आणि ते मानून व्हायच्या आतच तिची नजर माशाच्या शेपटीखाली गेली आणि तिथेच खिळली.

तिथे एक पक्षी होता.

नखाएवढा. तीन रेघा आणि एक ठिपका. वर उडवलेली शेपटी, फुगीर पोट, बारीक चोच आणि डोळा. लव्हाळ्याच्या दोन पात्यांमध्ये तो असा उभा होता, जणू नदीवरचा बर्फ नुकताच फुटला आहे आणि हा काठावर उतरला आहे.

परीट पक्षी. तिखोनचा परीट.

तिने चटकन त्याच्यावर तळहात धरला, जसा वाऱ्यात दिव्यावर धरतात.

"सुटलं का हो मावशी?" मदतीला आलेल्या ल्युबाशाने भट्टीपाशी वाकूनच विचारलं. "तीनशे तीस वर्षांची म्हातारी आहे ती फळी. जपून. उगीच गुदगुल्या करू नका तिला."

सुटलं, असं अग्निया म्हणाली. आपला आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी वाटला तिला.

लुगोवेत्समध्ये हा साचा ठाऊक नाही असं माणूस सापडायचं नाही. हातभर लांब, काळीकुळकुळीत फळी. तिच्यात खोल कोरलेला उंझा नदीतला लांब नाकाचा मासा, पाठीवर काट्यांची ओळ, भोवती लव्हाळी, आणि कडेला जुन्या अक्षरांत साल, आताच्या मोजणीने १६९४. असल्या साच्यात मधाचं पीठ दाबून प्रियानिक भाजायचे, ही गावाची पूर्वापारची ओळख. तो मासा शाळेच्या बिल्ल्यावर होता, होड्यांच्या धक्क्याच्या कमानीवर होता, अकरा बायका मिळून चालवत असलेल्या प्रियानिकच्या भट्टीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक खोक्यावर होता. भट्टीतले साचे मात्र शहरातून फोटोवरून करून आणलेले, ओबडधोबड. खरी फळी संग्रहालयात, काचेच्या पेटीत, उजेडापासून लांब. तिला हात लावायचा तर पांढरे हातमोजे घालून, आणि गेली सेहेचाळीस वर्षं तो हात अग्नियाचाच.

यंदा वादिमच्या, म्हणजे संग्रहालयाच्या नव्या प्रमुखाच्या, मनात आलं की साच्याला तीनशे तीस वर्षं होताहेत, तर ऑगस्टातल्या मधाच्या सणाला त्यात एकदा खरोखरचं पीठ दाबावं. शंभर वर्षांत कोणी दाबलं नव्हतं. अग्नियाने पुष्कळ आढेवेढे घेतले. जुनं लाकूड ओलाव्याने फुगतं, तडकतं, असं तिने परोपरीने समजावलं. वादिम हसून म्हणाला की तुमची आजी फेव्रोनिया गावातली जुन्या पद्धतीची शेवटची प्रियानिकवाली, तुमच्याशिवाय हे काम कोण करणार. तुम्ही नाही म्हणालात तर मी ल्युबाशाला सांगेन, आणि ती लाटणं घेऊन चढेल फळीवर. त्यावर अग्निया तयार झाली. सणाच्या दिवसापासूनच पंधरवड्याचा उपास लागतो, म्हणून पिठात अंडं नाही, लोणी नाही. राय धान्याचं पीठ, मध, पाणी, लवंग आणि थोडं आलं. दोन आठवडे ते तळघरात मुरवलं. आणि आज, सणाच्या आदल्या सकाळी, संग्रहालयाच्या परसातल्या भट्टीपाशी ते साच्यात दाबलं.

ल्युबाशा झाडू आणायला आत गेली तशी अग्नियाने तळहात उचलला. पक्षी तिथेच होता.

तिच्या नवऱ्याने, तिखोनने, आयुष्यात जे जे कोरलं त्यावर कुठे ना कुठे हा परीट होता. होड्यांच्या नाळेवर, खिडक्यांच्या चौकटींवर, लाकडी चमच्यांच्या पाठीवर, शेजारपाजारच्या पोरांच्या पाळण्यांवर. सात वर्षांपूर्वी आजारपणात त्याने स्वतःच्या थडग्यावरचा क्रूस स्वतःच घडवला, त्याच्याही मागच्या अंगाला. नाव कोरायची त्याला लाज वाटायची. पक्षी बोलतो की, असं म्हणायचा.

पहिला विचार तिच्या मनात आला तो असा, की यानं गंमत म्हणून एवढ्या मोलाच्या वस्तूवर हत्यार चालवलं. काचेच्या पेटीची बिजागरी दुरुस्त करायला तो एकदोनदा येऊन गेला होता. तिखोन, जो नदीकाठची वाळकी फांदीसुद्धा विचारल्याशिवाय उचलायचा नाही. तिने खिशातलं भिंग काढलं, फळी उन्हाकडे तिरपी केली आणि शेपटीखालचा तो काळा खळगा निरखला. इतकी वर्षं तिला तो टवका वाटला होता. वापरात उडालेला.

आणि मग तिला ते पातं दिसलं.

लव्हाळ्याचं पातं पक्ष्यापाशी येऊन किंचित वाकलं होतं. पक्ष्याला जागा करून देऊन पुन्हा सरळ वर गेलं होतं. नंतर कोणी पक्षी कोरला असता तर पातं कापलं गेलं असतं. हे पातं कोरणाऱ्याला आधीपासून माहीत होतं की इथे पक्षी बसणार आहे. ज्या हाताने पक्षी केला त्याच हाताने पातं केलं होतं. आणि ज्या हाताने पातं केलं, त्याच हाताने मासा.

अग्नियाने फळी खाली ठेवली, कारण ती हातातून पडली असती.

ल्युबाशा परत आली तेव्हा अग्नियाने पिठावर ओलं फडकं पसरलं होतं. भट्टी जरा उतरू दे, म्हणाली, दुपारनंतर घाल, पण फडकं काढून घातलंस की कोणाला आत येऊ देऊ नकोस. ल्युबाशाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मावशी, उपास उद्यापासून आहे, आजच कशाला पांढऱ्याफटक पडताय, असं काहीतरी ती बोलली. अग्निया फाटकाबाहेर पडली.

तिला ठाऊक होतं कुठे जायचं. साच्याच्या पेटीची दुसरी किल्ली ज्याच्याकडे असायची असा एकच माणूस जिवंत होता.

प्लातोन इग्नात्येविच एके काळी संग्रहालयाचा प्रमुख होता. आता नव्वदी ओलांडून धक्क्याजवळच्या बोळात धाकटी बहीण ग्लाफिरा हिच्या घरी पडून असायचा. ग्लाफिरा ठार बहिरी, त्यामुळे सगळ्या जगाला बहिरं समजून ओरडून बोलायची. दार उघडताच तिने अग्नियाला जवळ ओढलं आणि अख्ख्या बोळाला ऐकू जाईल अशी चौकशी केली की उद्याचा प्रियानिक फुगला का, आणि मला कडेचा तुकडा मिळेल की शेपटीचा. मग चहाचं पाणी ठेवायला ती स्वयंपाकघरात गेली.

म्हातारा खिडकीपाशी उशीला टेकून नदी बघत होता. अग्निया समोरच्या बाकड्यावर बसली. कसं विचारायचं ते तिने वाटेत ठरवलं होतं, ते सगळं विसरून ती म्हणाली, "साचा तिखोनने केलाय."

नदीवरून नजर न काढता त्याने विचारलं, "तो बोलला? जाता जाता?"

"नाही. आज पीठ दाबलं, त्यात परीट निघाला."

प्लातोन इग्नात्येविचने डोळे मिटले. "पाजी," तो हळूच म्हणाला. "मी त्याला हजारदा बजावलं होतं, खूण ठेवू नकोस. तो म्हणायचा, नाही ठेवली. आणि ठेवली होती."

अग्नियाने विचारलं की मग जुना साचा कुठे आहे. विकलात का, असंही तिने विचारलं, आणि ते विचारताना तिची तिलाच शरम वाटली. म्हाताऱ्याने मान हलवली. आता हे कशाला उकरतेस पोरी, तो म्हणाला, मी चार दिवसांचा सोबती, माझ्याबरोबर जाऊ दे. तिने हात मांडीवर ठेवले आणि तशीच बसून राहिली. सेहेचाळीस वर्षांत तिने कधी आवाज चढवला नव्हता, पण ती अशी बसली की ऐकल्याशिवाय उठायची नाही हे त्याला माहीत होतं.

"अठ्ठ्याहत्तर सालची थंडी आठवते?" त्याने विचारलं.

ती थंडी कोणाला आठवत नव्हती. वर्षाच्या शेवटच्या दिवशी पारा असा उतरला की झाडांवरचे कावळे दगडासारखे खाली पडले. संग्रहालयाचे नळ फुटले. प्रमुख कामासाठी शहरात गेलेला, रस्ते बंद. तेवीस वर्षांची अग्निया तीन दिवस एकटीने तिथल्या जुन्या मातीच्या शेगडीपाशी बसून होती. घरी गेली असती तर चित्रांचे रंग तडकले असते, दप्तरं भिजून गोठली असती. सरपण संपलं तेव्हा तिने परसातली लाकडाची कोठी रिकामी केली, मोडकी खोकी, पिंपांचे तळ, जे हाताला लागेल ते फोडून जाळलं, आणि संग्रहालय वाचवलं. तिकिटाच्या खिडकीशेजारी त्याचं प्रशस्तिपत्र अजून टांगलेलं होतं. दर वर्षी शाळेच्या मुलांना ती गोष्ट सांगितली जायची, आणि अग्निया मान खाली घालून उभी राहायची.

"आठवते," ती म्हणाली.

त्यावर प्लातोन इग्नात्येविच तुटक तुटक सांगत गेला. त्या नोव्हेंबरात दालनाचं छत गळायला लागलं होतं. छत नीट होईपर्यंत म्हणून त्याने दालनाला कुलूप घातलं आणि साचा पेटीतून काढून कोठीच्या आतल्या कोनाड्यात ठेवला. कापडात गुंडाळायला हवा होता, गुंडाळला नाही. नोंदवहीत लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. तिला सांगायला हवं होतं, ती रजेवर होती. मग गडबडीत राहून गेलं. कशावर ठेवला होता, तर पिंपांच्या तळांच्या चळतीवर. कसा ठेवला होता, तर ठेवतात तसा.

"पालथा," अग्निया म्हणाली.

"पालथा," तो म्हणाला.

प्रियानिकवाल्यांच्या घरात साचा नेहमी पालथा निजवतात. कोरीव अंगाला मध मुरलेला असतो, उंदीर येतात, धूळ बसते. म्हणून वरून बघणाऱ्याला ती नुसती काळी फळी दिसते, कशाचंही फळकूट. म्हणूनच फेव्रोनिया आजीने नातीला चालता येऊ लागल्यापासून एक गोष्ट शिकवली होती: पालथी फळी दिसली की आधी उलटून बघायची, मग उचलायची. छातीवर क्रूसाची खूण करायला शिकण्याआधी अग्निया हे शिकली होती. आयुष्यभर तिने दुकानातलं लाकडी ताटसुद्धा उलटून पाहिल्याशिवाय घेतलं नव्हतं.

त्या दिवशी तिची बोटं मेली होती. कुऱ्हाड मनगटाला फडक्याने बांधली होती. चळत तिला दिसत होती, अगदी स्वच्छ दिसत होती, वरची फळी जरा जास्त जड होती तेही आठवत होतं. हिला छान आच लागेल असं मनात आलं होतं. तिने ती उलटली नव्हती.

"कोणी जाळला?" तिने विचारलं. उत्तर समोर दिसत असूनही तिने विचारलं.

म्हाताऱ्याने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. "सरपण कोणी फोडलं होतं, पोरी?"

अग्निया बाकड्यावर होती, खिडकीबाहेर नदी होती, नदीवरून एक मोटारहोडी तडतडत चालली होती, आणि ह्या सगळ्याचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता.

प्लातोन इग्नात्येविच आता थांबत नव्हता. इतक्या वर्षांचं साचलेलं बाहेर येत होतं. तिसऱ्या दिवशी तिखोन तिला घरी न्यायला आला, ती तापाने फणफणलेली. तिला ब्लँकेटात गुंडाळून घरी पोचवून तो शेगडी साफ करायला परत गेला. राखेत त्याला साच्याची लोखंडी कडी सापडली. प्रमुख शहरातून परतला तेव्हा तिखोन दारात उभा होता, तळहातावर ती कडी घेऊन. तेव्हाचे दिवस असे होते की साचा गेला हे वर कळलं असतं तर प्रमुखाची नोकरी गेली असती आणि तिच्यावर खटला झाला असता. राष्ट्राची संपत्ती जाळली म्हणून. प्रमुख रडायला लागला. तिखोन रडला नाही. त्याने फक्त एवढंच विचारलं की किती दिवस कोणी पेटी उघडणार नाही.

"सात आठवडे लागले त्याला. कडी तीच लावली. माझ्याकडून एकच वचन घेतलं, अग्नियाला कळता कामा नये. मी म्हटलं, अरे, बायको आहे तुझी, कधीतरी सांगशीलच. तर म्हणाला, नाही सांगता येणार." म्हातारा थांबला. "का ते मला समजलं नाही. काहीतरी वासाचं बोलत होता. म्हणे, राखेलासुद्धा मधाचा वास येत होता."

अग्निया उठून उभी राहिली. ग्लाफिरा चहा घेऊन येत होती, तिच्या बाजूने ती निघून गेली. मागून ग्लाफिराचा आवाज आला, काय सांगितलंस रे तिला, साखर घातली नाही म्हणून रागावली का.

ती घरी कशी पोचली ते तिला आठवलं नाही. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकल्यावर ती समोरच्या पेटीकडे बघत राहिली. तिखोनच्या पणजीची हुंड्याची पेटी, दोनशे वर्षांची, फक्त झाकण नवं. एकोणऐंशीच्या जानेवारीत झाकण मोडलं, म्हणाला होता, जुनं लाकूड, कीड लागली. तिने तेव्हा हळहळ व्यक्त केली होती. पेटीत तिने शिकत असताना काढलेलं साच्याचं चित्र ठेवलेलं असायचं, मोजमापासकट, एकेका काट्यासकट. ते उंदरांनी नेलं, म्हणाला होता. तिने उंदरांसाठी मांजर पाळलं होतं. आणि ते सात आठवडे तो रोज संध्याकाळी धुराड्याच्या खोपटातून काजळीने माखून यायचा, माशांना धुरी देतोय म्हणायचा, आणि तिने एकदाही विचारलं नव्हतं की एवढे मासे गेले कुठे.

पण हे सगळं परवडलं असतं. हे सगळं तिने एक वेळ पोटात घातलं असतं. कोपऱ्यात देवाच्या तसबिरीपुढे दिवा होता आणि तिला त्याच्याकडे बघायचा धीर होत नव्हता.

त्या थंडीच्या आधी अग्निया देव मानत नव्हती. शाळेत शिकवलं तसं मानत नव्हती, आजी चोरून पुटपुटायची त्याला हसायची. नव्या वर्षाच्या पहिल्या दुपारी शेगडीपाशी तिला वाटलं होतं की आता आपण संपलो, आणि तिने आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी हाक मारली होती. आणि तेवढ्यात खोली मधाच्या वासाने भरली होती. उन्हातल्या पोळ्यासारखा, आजीच्या स्वयंपाकघरासारखा, गोड, गरम वास, त्या गोठलेल्या घरात, जिथे मधाचा थेंब नव्हता. तिने गुडघे टेकले होते. वास तासभर राहिला. त्या दिवशी तिने मनाशी व्रत धरलं, की जिवंत राहिले तर रोज अन्नाला शिवण्याआधी दिवा लावीन आणि एक स्तोत्र म्हणेन. देवाचं नाव घेणं चोरीचं होतं तेव्हा कपाटाच्या आत लावला. तिखोन वारला त्या दिवशीही लावला. एक दिवस चुकला नव्हता.

त्या वासाचं तिने दोघांनाच सांगितलं होतं. एक म्हातारे पाद्री, ते केव्हाच गेले. दुसरा तिखोन. त्याला सांगितलं त्या रात्री तो तिचे दोन्ही हात हातात घेऊन खाली मान घालून बसला होता. तिला वाटलं होतं, यालाही श्रद्धा झाली.

दोनशे ऐंशी वर्षांचा मध. एकेका पिढीने दाबलेला, एकेका सणाला मुरलेला. तो जळत होता, आणि ती हात जोडून बसली होती.

दुपार कलली तरी ती तशीच होती. वादिम आला तेव्हा दार सताड उघडं होतं. उद्याच्या भाषणाचा कागद त्याच्या हातात होता; तुमचा भाग वाचून दाखवतो, म्हणाला, थंडीचा प्रसंग मी असा लिहिलाय की लोक रुमाल काढतील. अग्नियाने त्याला बसायला सांगितलं आणि थोडक्यात सगळं सांगितलं. वासाचं सोडून.

वादिम आधी हसला. मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. मग त्याने भाषणाचा कागद उलटा करून मांडीवर ठेवला आणि बराच वेळ बोटांनी तो सरळ करत राहिला.

"अग्निया मात्वेयेव्ना, खोक्यांवर साल छापलंय," तो शेवटी म्हणाला.

तिने मान डोलावली.

तो उठून येरझाऱ्या घालू लागला. भट्टीतल्या अकरा बायका कशावर जगतात, होड्यांनी येणारे लोक काय बघायला उतरतात, एवढंसं गाव नकाशावर कशामुळे आहे, हे सगळं त्याने तिला सांगितलं, जणू तिला ते ठाऊक नव्हतं. प्लातोन इग्नात्येविच किती दिवसांचे सोबती आहेत, त्यांना ह्या वयात चौकशीला तोंड द्यायला लावणार का. तिखोनकाकांनी ज्यासाठी एवढं केलं तेच तुम्ही मोडणार का. मग तो हळू झाला. पक्षी शेपटीच्या खाली आहे ना, कडेला, म्हणाला. भाजून झाल्यावर कडा कापतातच. बोटभर जास्त कापू. फळी पुन्हा पेटीत जाईल आणि पुन्हा कोणी पीठ दाबणार नाही.

"बोटभरच तर आहे," तो म्हणाला. त्याचे डोळे पाण्याने भरले होते, आणि तो वाईट माणूस नव्हता.

अग्निया म्हणाली की मी सकाळी येते. एवढंच म्हणाली. तो गेल्यावर तिने दिव्याकडे बघितलं. रोज ती पहाटे लावायची, आजही लावला होता, तो केव्हाच विझला होता. उद्या लावायचा की नाही हे तिला माहीत नव्हतं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

पहाटे तिचा हात सवयीने काडेपेटीकडे गेला. तिने दिवा लावला. स्तोत्राचे शब्द मात्र आले नाहीत. ओठ हलवून पाहिले, तरी आले नाहीत. ती ज्योतीपुढे नुसतीच उभी राहिली. त्या दुपारी तिने मागितलं होतं की हे घर गोठू देऊ नकोस, आणि ते गोठलं नव्हतं. ज्याने गोठलं नाही ते काय होतं, एवढंच तिला आता कळलं होतं. ह्याच्या पुढे तिला विचार करता येईना. तिने सुरी घेतली, शाल घेतली आणि संग्रहालयात गेली.

प्रियानिक मेजावर होता. छान तांबूस भाजला गेला होता, मासा जिवंत वाटत होता, आणि शेपटीखाली परीट डोळा रोखून उभा होता. तिने सुरी कडेला टेकवली. कुठून कापायचं ते वादिमने पेन्सिलीने कागदावर आखून ठेवलं होतं. तिने सुरी तशीच धरून ठेवली. तिखोनने तिला कधी खोटं सांगितलं नव्हतं, असं ती लोकांना सांगायची. झाकण, चित्र, मासे, तिन्ही खोटं होतं. पण साच्यात त्याने खोटं कोरलं नव्हतं. ज्या दिवशी कोणी साचा वापरील त्या दिवशी कळेल, एवढी सोय त्याने करून ठेवली होती, आणि मग तोंड मिटून मरेपर्यंत अडतीस वर्षं वाट बघितली होती.

तिने सुरी खाली ठेवली. तिकिटाच्या खिडकीपाशी जाऊन प्रशस्तिपत्र खिळ्यावरून काढलं, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर शाईने, मोठ्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. नावं स्वच्छ लिहिली. प्लातोन इग्नात्येविचचं नाव लिहिलं नाही. ते त्याने स्वतः सांगावं. कागद प्रियानिकशेजारी उभा करून ठेवला आणि ती बाजूला उभी राहिली.

चर्चमध्ये मधावर पवित्र पाणी शिंपडून झालं तसे लोक थेट इकडे आले. अंगणात रांग लागली. वादिमने कागद पाहिला तेव्हा दार उघडून झालं होतं. त्याने भाषण घडी करून खिशात घातलं आणि भिंतीला टेकून उभा राहिला. पहिली आली ग्लाफिरा, रांगेतल्या सगळ्यांना कोपरं मारत. तिने चष्मा लावला, कागद नाकापाशी धरला आणि बहिऱ्या माणसाच्या खणखणीत आवाजात, एकेक शब्द सुटा करत वाचू लागली.

"जुना साचा. एकोणीसशे एकोणऐंशीच्या पहिल्या जानेवारीला. मी. सरपण समजून. फोडून जाळला." ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागली, कारण आपण चुकीचं वाचलं असं तिला वाटलं. दुसऱ्यांदा वाचताना अंगणातली कुजबूज थांबली. "अग्निया मात्वेयेव्ना. हा साचा. त्यानंतर. तिखोन येवसेयेविचने. घडवला. पक्षी बघा."

लोक पक्षी बघत होते. ल्युबाशाने तोंडावर हात धरला होता. तिच्या खिडकीच्या चौकटीवर तोच पक्षी होता, आणि काल भट्टीत घालताना तिने तो ओळखला नव्हता. मागे कोणीतरी काय झालं काय झालं विचारत होतं आणि त्याला कोणी सांगत नव्हतं. कोणी रागावलं नाही, कोणी रडलं नाही. ती सगळी अशी उभी होती जशी पुरात रस्ता वाहून गेल्यावर काठावर उभी राहतात, समोर बघत, जिथे काल रस्ता होता.

ग्लाफिराने चष्मा काढला. अग्नियाच्या अगदी जवळ येऊन तिचा चेहरा न्याहाळला. ती आता आपल्याला मारेल असं अग्नियाला वाटलं, आणि मारलं तर बरं, असंही वाटलं. पण ग्लाफिराने वेगळंच विचारलं. तिने आवाज लहान करायचा प्रयत्न केला, तरी तो फाटकापर्यंत गेला.

"मग जळताना तुला कसं गं कळलं नाही? मधात मुरलेलं लाकूड. वास नाही आला?"

"आला," अग्निया म्हणाली.